शकूमावशीने आखलेलं अंगण

सकाळी ऑफिसला निघताना पगारकाकूंचा फोन आला. इंदिरानगरला शकूमावशीच्या घराला लागून त्यांचं घर. "सुजाता, गाडी हळू चालव, पण ये," एवढंच म्हणाल्या, आणि मला कळलं. मावशी चहा घेऊन पायरीवर उन्हाला बसली होती, ती तिथेच गेली. मी पोचले तेव्हा बुंदी, तिची पांढऱ्या-तपकिरी ठिपक्यांची कुत्री, पायरीखाली बसून होती. ती भुंकलीही नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मावशीबद्दल लिहायचं म्हटलं की रडण्याऐवजी हसूच येतं, कारण मला आधी आठवते ती अंगणात पाटावर बसून सरकणारी मावशी. ती माझ्या आईची धाकटी बहीण. सारा जन्म शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून गेला. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कोणाला बोलूही दिलं नाही. माझी बदली नाशिकला झाली तेव्हा नवरा पुण्यातच राहिला आणि मी पाच वर्षांच्या ईराला घेऊन मावशीकडे आले. अडचण एकच होती. पुण्यात एका कुत्र्याने ईराला पाडलं होतं, तेव्हापासून कुत्रं दिसलं की ती जागच्या जागी थिजायची. ओठ पांढरे पडायचे. आणि इथे तर अंगणभर बुंदीचं राज्य. ईरा व्हरांड्याच्या बाहेर पाऊल टाकेना. मी म्हटलं, "मावशी, बुंदीला बांधून ठेवूया का?" तर म्हणाली, "बांधलं की ती दिवसभर भुंकेल आणि ही आणखी घाबरेल. दोघींनाही अंगण हवंय ना? मग अंगणच नीट करू."

दुसऱ्या दिवशी तिने देवघरातला पाट काढला. गुडघे दुखायचे, रांगता येईना, म्हणून पाटावर बसून ती अंगणभर सरकत फिरली. थोडं सरकायची, थांबायची, डोकं खाली करून चहूकडे बघायची. रस्त्याने जाणारे थबकून बघत होते. मी लाजेने म्हटलं, "मावशी, हे काय चाललंय?" ती शांतपणे म्हणाली, "त्यांच्या उंचीवरून बघतेय. बुंदीला इथून नुसतं गेट दिसतं आणि ईराला नुसती बुंदी दिसते. कशी खेळेल ती?"

मग तिने शाळेतल्यासारखी चुन्याची फक्की मागवली आणि मैदान आखावं तसं अंगण आखलं. कंपाउंडच्या भिंतीलगत बुंदीच्या पळण्याने आधीच एक वाट पडली होती. त्या वाटेवर माझ्या मनात गुलाब होते. मावशी म्हणाली, "तो तिचा रस्ता आहे, तिथे काही लावलंस तरी ती तुडवणारच." फरशी उन्हाळ्यात तापते, पोरांचे तळवे आणि कुत्र्याचे पंजे दोन्ही भाजतात, म्हणून बरीचशी उखडून तिथे हिरवळ लावली. पेरूच्या सावलीत वाळूचा हौद केला आणि मांजरांनी घाण करू नये म्हणून त्यावर फळ्यांचं झाकण. कण्हेर विषारी म्हणून मुळासकट गेली. त्यावरून पगारकाकू रुसल्या. "अहो बाई, देवाला फुलं कुठून आणू मी?" मावशीने गंगापूर रोडच्या नर्सरीतून जास्वंद आणली आणि अशी लावली, की फांद्या काकूंच्याच बाजूला झुकल्या. रुसवा पहिल्या कळीपर्यंतच टिकला.

सगळ्यात महत्त्वाचं होतं ते हौदाभोवतीचं बांबूचं बुटकं कुंपण. पलीकडचं दिसेल अशा फटी ठेवलेलं, आणि त्याला एक छोटंसं फाटक. मावशीने ईराला कडेवर घेऊन ते दाखवलं. "कडी तुझ्या बाजूला आहे. तुला वाटेल तेव्हा उघडायची. नाही वाटलं तर कधीच उघडू नकोस. बुंदीला मी सांगितलंय." ईराने विचारलं, "तिला कळलं?" मावशी म्हणाली, "तिला कळलं. तुझ्या आईला अजून कळायचंय."

कारण घाई मला होती. मी रोज संध्याकाळी विचारायचे, आज हात लावलास का, आणि मावशी मला डोळ्यांनी दटावायची. ईरा वाळूत खेळायची, बुंदी फटीला नाक लावून बसायची. हळूहळू ईरा तिला गोष्टी सांगू लागली, वाळूचे लाडू दाखवू लागली… आणि मग थंडीतल्या एका रविवारी, कोवळ्या उन्हात, मला कडीचा आवाज आला. मी उठणार, तोच मावशीने माझं मनगट धरलं. "हाक मारू नकोस." बुंदी आत गेली. ईराकडे बघितलंही नाही. सरळ हौदात उतरली आणि मागच्या पायांनी वाळू उडवत असा काही खड्डा खणू लागली, की ईरा डोक्यापासून पायापर्यंत वाळूने न्हाली. तिने तोंडावरची वाळू पुसली. मग ईरा हसायला लागली. पोट धरून, बसकण मारून हसत सुटली. माझे डोळे भरून आले. मावशी म्हणाली, "आता रडतेस काय, टॉवेल आण."

पुढे कुंपणाची गरज उरली नाही. मावशीने काढू का म्हणून विचारलं, तर ईरा म्हणाली, "राहू दे. दुसरं कोणी घाबरलेलं आलं तर?" आणि तशी मुलं आलीच की कॉलनीतली. आम्ही नंतर गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, पण ईराच्या सुट्ट्या या अंगणातच गेल्या.

मावशी गेल्यावर बुंदीला फ्लॅटवर नेलं. ती म्हातारी झालीय आता. बाल्कनीत उभी राहायची, खाली बघायची, जेवायची नाही. शेवटी अकरा वर्षांची ईराच म्हणाली, "आई, आपणच जाऊया ना तिच्या घरी." आम्ही सामान हलवलं. बुंदी गेटातून आत शिरली, भिंतीलगतच्या वाटेने संथपणे एक फेरी मारून आली आणि जेवली.

काल संध्याकाळी मी मावशीच्या ओट्याशी पोळ्या करत होते. सहज खिडकीतून पाहिलं, तर सगळं अंगण दिसत होतं. हौद, फाटक, पेरूचा बुंधा, काही आड येत नव्हतं. खिडकीसमोर तिने मुद्दाम बुटकी झाडं लावलीत, हे मला एवढ्या वर्षांत जाणवलं नव्हतं. बाहेर ईरा शेजारच्या चिमुरडीला सांगत होती, "आधी हात पुढे कर, तिला वास घेऊ दे." मुलीने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा केला… आणि मला करपल्याचा वास आला. मावशीच्या हातची एक तरी पोळी रोज करपलेली असायची. आम्ही तिला किती हसायचो. ती नुसती म्हणायची, "लक्ष नव्हतं गं." मी ती पोळी तव्यावरून काढली, तूप लावलं आणि तिथेच खिडकीशी उभी राहून खाल्ली.