प्रामाणिकपणाचे तीन मुद्दे

आपल्याला कॉपीचा वास येतो, असं नीतिशास्त्राच्या बाई बावीस वर्षं सांगत आल्या होत्या. त्यामुळे कॉलेजात त्यांचं नाव ‘वासवाल्या बाई’ पडलं होतं आणि हा आपला गौरवच आहे, असं त्यांना मनापासून वाटे. “मग घरात दूध करपतं तेव्हा हे नाक कुठे जातं?” एवढंच नवऱ्याचं म्हणणं होतं. बाई तिकडे कानाडोळा करत.

यंत्रं निबंध लिहायला लागली तसा बाईंचा भाव वधारला. प्राचार्यांनी त्यांना कॉपीच्या चौकशी समितीचं प्रमुख केलं. बाईंनी लगोलग शेवटच्या वर्षाला विषय दिला, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अभ्यासातला प्रामाणिकपणा: माझं मत’.

मतं आली. एकाने लिहिलं होतं, ‘मी यंत्राकडून लिहून घेतो, पण निदान वाचून बघतो. आमचे काही शिक्षक तेवढंही करत नाहीत.’ एकीने लिहिलं होतं, ‘तीच शंका चारदा विचारली तरी ते खेकसत नाही.’ आणखी एकाचा सवाल होता, ‘सगळेच करतात, मग मी एकट्यानेच नापास का व्हायचं?’ चुकांनी भरलेले हे कागद बाईंनी नाक मुरडत बाजूला सारले आणि पहिल्या बाकावरच्या मुलीचा निबंध हाती घेतला. प्रामाणिकपणाची व्याख्या, महत्त्व, तीन मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दोन उपमुद्दे, शेवटी दोन ओळी यंत्राबद्दल. एक चूक नाही, एक खोडाखोड नाही. माणसाने लिहिल्याची खूण औषधालाही नाही.

“सापडली!” बाई खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी अख्खा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. “ऐका, कसं निर्जीव आहे! जिवंत माणूस असं लिहील का?” सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी चौकशीचा छापील फॉर्म ओढला आणि ‘प्रस्तावित कारवाई’पुढे ठसठशीत लिहिलं, ‘निकाल रोखावा’.

निकाल रोखला की मुलीचा शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमातला प्रवेश हुकणार होता. अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारी ती आली. डोळे रडून सुजलेले, हातात पहिल्या वर्षाची वही.

“मॅडम, मी यंत्राला हातसुद्धा लावलेला नाही.”

“मग हे आलं कुठून?” बाईंनी आवाज चढवला.

मुलीने वही उघडून समोर ठेवली. व्याख्या, महत्त्व, तीन मुद्दे. यंत्राबद्दलच्या दोन ओळी सोडल्या तर सगळं शब्दन्‌शब्द तेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्याच्या मध्ये पोरीने इमानेइतबारे हेही उतरवून घेतलं होतं, ‘मागच्या बाकावरच्यांनी बडबड थांबवा, नाहीतर चालते व्हा.’

बाईंचे कान तापले.

“हे मी सांगितलेलं?”

“हो मॅडम. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मार्क कापीन, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी सगळं पाठ केलं होतं.”

“अगं, पण या वेळी मी तुझं मत विचारलं होतं ना?”

“मला वाटलं, नेहमीसारखंच विचारताय,” मुलगी खाली बघत म्हणाली.

बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या वहीवरून नजर उचलेनात. परिच्छेद खरोखरच निर्जीव होता, त्यांच्या नाकाने तेवढं बरोबर हुंगलं होतं. त्यातून कहर म्हणजे तो बाईंचाही नव्हता. त्या स्वतः कॉलेजात शिकत असताना त्यांच्या सरांनी तो वहीत उतरवून घ्यायला लावला होता. बाई गेली बावीस वर्षं त्याच वहीतून वाचून दाखवत होत्या, पण आपण काय वाचतोय तिकडे लक्षच नसे, म्हणून तर तो ओळखूही आला नव्हता. सरांनी कुठून आणला, हे विचारायची तेव्हा कुणाची टाप नव्हती.

“चुकलं गं माझं,” बाई म्हणाल्या. “उद्या निकाल घेऊन जा.”

मुलगी डोळे पुसत गेली. आता फॉर्म फाडून टाकला असता तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. पण समितीच्या प्रमुखच त्या! बाईंनी दुसरा कोरा फॉर्म घेतला. ‘मजकूर कुणाकडून घेतला’ इथे स्वतःचं नाव लिहिलं, ‘दोषी व्यक्ती’पुढेही तेच लिहिलं. ‘प्रस्तावित कारवाई’पाशी मात्र पेन अडलं. मुलीच्या वेळी हा रकाना भरायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. आता शिपाई खोली बंद करायला येऊन उभा राहिला, तरी रकाना कोराच होता.