सर्व्हरवर बसवलेला पहारेकरी

आमच्या कारखान्याचा सर्व्हर रोज दुपारी मान टाकायचा आणि खापर माझ्या डोक्यावर फुटायचं. अख्ख्या बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत लिनक्स माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं निदान मी तरी चहाच्या टपरीवर सांगत आलो होतो. तरी मॅनेजरसाहेबांनी शेठच्या कानात भरलंच: याला काढा, मुंबईची कंपनी लावा.

म्हटलं, जाईन, पण पुरावा टेबलावर आपटून जाईन.

शुक्रवारी वसाहतीला सुट्टी. रिकाम्या कारखान्यात मी डीमन लिहायला बसलो. डीमन म्हणजे पडद्यामागे गुपचूप चालत राहणारा प्रोग्राम. माझा डीमन सर्व्हरच्या मशीनचं तापमान, मेमरी, डिस्क सतत तपासणार आणि पारा चढला की शेठच्या आणि माझ्या मोबाइलवर मेसेज टाकणार. पहिल्यांदा कम्पाइल केला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवला, तर चुकांची रांग स्टेशनपासून थेट नवापूरच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत. शेवटची चूक मी गुडघाभर पाण्यात उभं राहून काढली म्हणा ना. मग तो इन्स्टॉल केला आणि सर्व्हिस म्हणून कायम करून टाकला. मशीन चालू झालं की तोही आपणहून चालू होणार, कुणाच्या परवानगीशिवाय.

दिवसभर मशीन बर्फासारखं थंड.

शनिवारी माणसं कामावर आली आणि जेवणाच्या सुट्टीआधीच माझा मोबाइल थरथरला. मी धावत जाऊन सर्व्हरच्या कपाटाचं, रॅकचं, मागचं दार उघडलं. गरम हवा जिथून बाहेर पडते, तिथे पंख्याला चिकटून भलंमोठं गाठोडं. सोडून बघितलं तर आत सुके बोंबील. आमच्याकडच्या हवेत रसायनांचा असा काही दरवळ असतो की बोंबलाची काय बिशाद नाकापर्यंत पोचायची.

"हात नको लावू," मागून मॅनेजरसाहेब. "अजून ओले हायत."

अवकाळी पावसात त्यांच्या चिंचणीच्या घरची वर्षाची बेगमी मऊ पडली होती. उन्हाचा पत्ता नाही, म्हणून साहेब आठवडाभर ती रोज कामावर येताना आणून सर्व्हरच्या पाठीवर शेकत होते.

"शेठ आताच मला विचारत होते, कसला मेसेज आला म्हणून. ते मेसेजचं बंद कर. मुंबईवाल्यांचं मी बघतो. तुजी नोकरी राहिली समज."

"नाही करणार."

"नाय?"

"नाही."

त्यांनी सरळ मशीनचं बटण दाबून ठेवलं. पंखे थांबले. पण बाहेर बिलं अडली, ट्रक अडले, आरडाओरडा झाला, तेव्हा झक मारत त्यांनीच ते पुन्हा चालू केलं. मशीन उठलं, डीमनही उठला. गाठोडं तिथेच. थोड्याच वेळात दोन्ही मोबाइलवर मेसेज.

लगेच माझ्या मोबाइलवर शेठचा फोन. मी तो साहेबांच्या हातात दिला, स्पीकर लावून.

"नाय शेठ, मुंबईवाले कशाला? आपला पोरगा हुशार हाय. सापडला बिघाड. किरकोळच होता."

"आणि बोंबील, साहेब?" मी विचारलं, पलीकडे स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या आवाजात.