अरू आईकडे परत आला

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या बायकोने परवा आम्हाला परत केलं.

पांढऱ्या कापडात बांधलेलं मातीचं मडकं. मेघालयातून बडोद्यापर्यंत तिने ते मांडीवर आणलं.

अरू. आमचा अरविंद. बडोद्याच्या घडियाळी पोळ गल्लीतला.

शाळेत कविता म्हणताना डोंगर आला की त्याचा आवाज चढायचा. आम्हाला ठाऊक असलेला डोंगर म्हणजे पावागड, तोही हवा स्वच्छ असेल तरच गच्चीवरून दिसणारा.

पुढे सर्व्हेच्या नोकरीत शिलाँगकडे पोस्टिंग मिळालं आणि तो तिथलाच झाला. दाफीशी लग्न केलं. खासी लोकांत घर धाकट्या मुलीचं. नवरा तिच्याकडे राहायला जातो.

आई शेजारणींना सांगायची, "आमचा मुलगा सासरी असतो हो. बरा नांदतोय."

हसायची, आणि त्या दिवशी नीट जेवायची नाही.

मी एकदाच गेलो तिकडे. पाइनची झाडं. एक देवराई, जिथलं पानसुद्धा उचलून न्यायचं नाही. ढग न विचारता घरात शिरायचे. दारातच सासूबाईंनी हातावर पान-सुपारी ठेवली. अरू त्यांच्याशी भराभर खासी बोलत होता, आणि मी माझ्याच भावाकडे पाहुण्यासारखा बघत होतो.

गेल्या पंधरवड्यात अरू झोपेतच गेला.

परवा बडोद्यात, आमच्या मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये मी मडकं दाफीकडे सरकवलं. मोडक्या हिंदीत म्हटलं, हा तुझा. सगळा जन्म तुझ्याकडे गेला त्याचा.

"नहीं दादा. हमारे में बेटा माँ का होता है."

तिच्या घरी जुना धर्म पाळतात. अस्थी आईच्या कुळाच्या दगडी घरात ठेवायच्या. दाफी जाईल तेव्हा तिच्या आईशेजारी. अरूला तिथे जागा नाही.

म्हटलं, थोडं तरी ठेव.

"आदमी को आधा नहीं करते, दादा."

मग तिने विचारलं, "माँ कहाँ है?"

आईला आम्ही चांदोदला नर्मदेत सोडलं होतं. काल तिथेच गेलो.

नावाडी दाफीला म्हणाला, "बा, हाथ संभाळजो." कापडाची गाठ तिने सोडली. मडकं मात्र माझ्या हातात दिलं.

"आप. माँ के घर का आदमी."

राख थोडा वेळ पाण्यावर राहिली. ती बघत होती.

"ये पानी किधर जाता है?"

"समुंदर में."

"फिर बादल बनेगा. हमारे पहाड़ पर आएगा."

मी मान डोलावली.

शाळेत माझा भूगोल पक्का होता. तिच्या डोंगरावरचा पाऊस बंगालच्या उपसागराचा. नर्मदा मिळते ती अरबी समुद्राला.



आज सकाळी तिला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, आमच्याकडे लवकरच पाऊस सुरू होईल.

अरू, आईजवळ नीट राहा रे.