कार्ड जाईल म्हणे

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या थोरल्या आत्याचं. कुंडलच्या पुढे आमचं गाव. मी सांगलीत विश्रामबागला कॉलेजात होतो तेव्हा ती रोज पहिल्या एसटीने माझा डबा सांगलीला पाठवायची. तिचे यजमान फौजेत होते; आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाच म्हणायचो. त्यांच्या जुन्या हिरव्या शर्टाची पिशवी तिने डब्याला शिवली होती, त्यामुळे कंडक्टरलाही तो लांबून ओळखू यायचा. संध्याकाळी रिकामा डबा परत जायचा, आत माझी चिठ्ठी. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या डब्याच्या जोरावर.

आता मी विट्यात शिक्षक आहे. मामा गेले. त्यांच्यामुळे मिळालेलं लष्करी दवाखान्याचं कार्ड आत्या देव्हाऱ्यात ठेवते.

यंदा गावात नवी आरोग्य योजना आली. उपकेंद्रात आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बसणार, प्रत्येक घराने तिथे नाव नोंदवायचं. योजना सुरू व्हायला ग्रामसभेचा ठराव हवा होता; नावं लिहून घेणं मात्र आधीच सुरू झालं. वाद घालण्यासारखं पुष्कळ होतं. औषधं पुरतील का? डॉक्टर खरंच येईल का? तो वाद कुणी घातलाच नाही. विरोधी गटाने रिक्षावर कर्णा बांधला आणि गल्लोगल्ली फिरवला: "फौजींच्या घरातल्या आयाबहिणींनो, नाव नोंदवलं की मिलिटरीचं कार्ड गेलं!" आमच्याकडे बहुतेक घरांतलं कुणीतरी फौजेत. नर्सबाई नोंदणीला आल्या की भर दुपारी दारांना कड्या लागू लागल्या.

मी रविवारी गेलो तर आत्याच्या पायाला चिंधी बांधलेली. तिला साखरेचा आजार आहे.

"कवापासनं हाय ह्ये?"

"लय न्हाई रं. चप्पल चावली."

"मग नर्सबाईस्नी दाखवलं का न्हाईस?"

"आन् नाव लिवलं म्हंजी? कार्ड गेलं तर तुजा मामा परत येऊन भरती हुनार हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला लष्करी दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन विचारलं. तिथले निवृत्त हवालदार हसले. "गावात पाय दाखवला म्हणून इथलं कार्ड कुणी काढून घेत नाही, मास्तर."

मी आत्याला ते सांगितलं. ती म्हणाली, "त्यो तिथं बसून बोलतोय. कर्णा हितं दारात हाय."

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी योजनेच्या बाजूचा एक कार्यकर्ता मला भेटायला आत्याच्या घरी आला. "सर, आत्यांच्या पायाचा फोटो द्या. मोठा बोर्ड लावतो. खाली लिवतो, उद्या तुमचा पाय. बघा, समदं गाव हात वर करंल."

आतून आत्या कडाडली, "माज्या पायाची जत्रा भरवतोस व्हय रं मेल्या? तिकीट किती लावनार हाईस?"

मी त्याला बजावलं, "फोटो मिळणार नाही. त्यांनी खोटी भीती घातली म्हणून आपणही लोकांना घाबरवायचं का?" तो माझ्यावर चिडून गेला.

सभेत मी उभा राहिलो. विरोधी पुढाऱ्याला विचारलं, "कार्ड जातं असा नियम कुठं आहे? वाचून दाखवा."

"आज न्हाई, पन उद्या केला तर? जबाबदारी तुमी घेनार का मास्तर?"

"उद्याच्या भीतीनं आज दवाखाना नको म्हणायचं असेल, तर यंदा उसाची लावणही करू नका," मी म्हणालो. मग दुसऱ्या बाजूकडे वळलो. "आणि तुम्ही सांगा, डॉक्टर आलाच नाही तर तक्रार कुणाकडं करायची?"

आता दोन्हीकडचे खवळले. मागून एकजण ओरडला, "मास्तर, तुमी हाय तरी कुनाकडनं?"

"आत्याकडनं!"

लोक हसले, पण त्यानंतर पहिल्यांदाच औषधांबद्दल, डॉक्टरांच्या वेळेबद्दल बोलणं सुरू झालं. ठराव मंजूर झाला.

आत्या मात्र उपकेंद्रात गेली नाही. अजूनही ती दर शनिवारी मला विट्याला डबा पाठवते; त्या शनिवारच्या गाडीने तो आला तसा समोर घेऊन मी तिला चिठ्ठी लिहायला बसलो. "पाय कापावा लागेल" हेच पहिलं वाक्य कागदावर आलं. तो कागद मी फाडला आणि हे पाठवलं:

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

डबा मिळाला. शेंगांची चटणी झणझणीत होती. डॉक्टर गुरुवारी बसणार आहेत. साखरेच्या माणसाची जखम उशिरा भरते. वेळेत दाखवली तर बहुतेक वेळा बरी होते. मला जेवढं खरं माहीत आहे तेवढंच लिहितो. तुला घाबरवून दवाखान्यात नेलं, तर त्या कर्ण्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला?

गुरुवारी मी रजा घेतली आहे, पहिल्या गाडीने येतो. देव्हाऱ्यातलं कार्ड माझ्या खिशात ठेव. ज्याला ते काढून घ्यायचं असेल त्याने माझ्याकडे मागावं. नर्सबाईंना तू तुझं नाव मोठ्याने सांग. मामांचंही सांग.

डबा परत पाठवतो आहे. आत स्वच्छ पट्टी ठेवली आहे. ती चिंधी टाकून दे.

तुझा भाचा