मेणबत्त्यांचे दोन पुडे

भांडण यशोधरेवरून चाललं होतं, आणि त्यात यशोधरेला मात्र कुणी बोलावलं नव्हतं. ती भरली घागर कमरेवर घेऊन दारामागं उभी. पुढं ओट्यावर तिचा बाप भागुजी आणि चुलता हौशीराम.

“दादा, पोरगी मेणबत्त्यांचा पुडा घिऊन चर्चात शिरली. जुन्नरच्या भर बाजारातनं! म्या सोता पाह्यली.”

“मग? मेणबत्ती आपल्या घरात बी लागती. बुद्धाम्होरं काय ट्यूबलाइट लावतो का आपण?”

“हसू नका. आज पुडा नेला, उद्या पुण्याला जाईल, परवा गळ्यात क्रूस. आपल्या बापानं छप्पन साली एकदा ठरवलं ना? का आता दर पिढीनं नवा धर्म ठरवायचा?”

चुलीपासून यशोधरेची आई द्रौपदा म्हणाली, “जिच्यावरनं चाललंय तिला इचारलं का कुणी? दारामागंच हुबी हाय ती. घागर तरी उतरून घ्या तिची.”

ही गोष्ट पंचाण्णव सालची. बारावी झाल्यावर पिंपळवंडीची ही पोर जुन्नरला सिस्टरांच्या शाळेत बालवाडीवर मदतनीस लागली. सिस्टर म्हणजे कॅथलिक मिशनच्या, पांढऱ्या झग्यातल्या बाया. मदतनिसानं नाकं पुसायची, पाट्या वाटायच्या, आणि शिकवायला डी.एड. झालेल्या बाई आल्या की कोपऱ्यात सरायचं. मोठ्या सिस्टरांनी काय पाहिलं कोण जाणे, त्यांनी हिचं नाव पुण्याच्या मिशनच्या डी.एड. कॉलेजला धाडलं. शाळेच्या वाट्याला एकच जागा. मुलाखतीत निवड झाली तर दोन वर्षं शिक्षण, आणि परत आली की पक्की बाई. नाही झाली, तर जूनपासून मदतनिसाची जागाच बंद.

भागुजी एवढंच म्हणाला, “जा. पर धर्म बदला म्हनले, तर तिथनंच उठून ये. घरी कुणी काय बोलणार न्हाई.”

यशोधरेला उठून यायचं नव्हतं. आणि धम्म तर सोडायचाच नव्हता. तिनं आपल्या डोक्यानं मधला रस्ता काढला. नोकरी त्यांची, तेव्हा मुलाखतीत त्यांची प्रार्थना विचारणारच. पाढे म्हणतो तशी म्हणून दाखवायची, म्हटली म्हणून कोण बदलतं? पंधरा दिवस चुलीपुढं पुटपुटून तिनं ती पाठ केली. द्रौपदा ऐकत होती. एकदाच म्हणाली, “पाठ कर बाई. पर इसरायची बी तयारी ठेव.”

पुण्याला टेबलामागं दोन सिस्टर आणि एक म्हातारे मास्तर. थोरल्या सिस्टरांनी विचारलं, “बालवाडीत एक मूल रोज रडतं. तू काय करशील?”

यशोधरेच्या कानात शब्द शिरलेच नाहीत. तोंड उघडलं आणि प्रार्थनाच बाहेर पडली. आता प्रार्थना म्हटल्यावर त्या तिघांना बसून कसं चालेल? खुर्च्या मागं सारून तिघं उभे राहिले, हात जोडले, माना खाली. मास्तरांचा चष्मा टेबलावर पडला तरी त्यांनी तो उचलला नाही. शेवटी आमेन झालं, सगळे बसले.

“झालं?” सिस्टर म्हणाल्या. “ही तुला कुणी म्हणायला सांगितली?”

“कुणी न्हाई. मला वाटलं, लागती.”

“ती आम्हाला लागते, बाळ. तुला शिकवता यायला लागतं. हं, रडणाऱ्या मुलाचं सांग.”

मग पोरीचा जीव भांड्यात पडला आणि ती सरळ बोलली. बाजारातल्या पुनमचंद शेठची नात सिद्धी, आजी दारातून वळली की जमिनीवर लोळण घ्यायची. यशोधरेनं आजीची, जतनबाईंची कापडी पिशवी मागून घेतली आणि सिद्धीच्या मांडीवर ठेवली. “ही सांभाळ. पिशवी इथं हाय म्हणजे आजी न्यायला येणारच.” आठ दिवसांत रडं थांबलं. जतनबाई मात्र महिनाभर भाजी पदरात आणत होत्या.

मास्तर चष्मा पुसत हसले. यशोधरेनं धीर केला. “एक इचारू? मला माझा धम्म सोडावा लागंल का?”

थोरल्या सिस्टरांनी अर्ज पुढं ओढला. “धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलंयस ना? राहू दे तसंच. खाडाखोड केलेला अर्ज इथं चालत नाही.”

संध्याकाळी एसटीतून उतरली तर भागुजी फाट्यावरच उभा. तिनं लांबूनच ‘झाली निवड’ अशी मान डोलावली. सकाळपासून अन्नाला न शिवलेला बाप घरी येऊन तीन भाकरी जेवला.

दोन वर्षांनी यशोधरा पक्की बाई झाली. पुढं बाहेरून बी.ए. केलं, मे महिन्यातलं एकही शिक्षक शिबिर सोडलं नाही. एके दिवशी हौशीराम तिच्यापुढं येऊन घुटमळला. “यशू, आमच्या सूनबाईचं, स्नेहाचं बी नाव घाल की त्या कालेजात.”

“आन क्रूस, नाना?”

“जाऊ दे गं ते. अर्ज कुठं मिळतो ते सांग.”

दोन हजार सहा साली सिस्टरांनी आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला छोटी शाळा काढली आणि मुख्याध्यापिका म्हणून यशोधरेचं नाव दिलं. जुन्नरच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती नेहमीसारखी पुनमचंद शेठच्या दुकानात गेली. गल्ल्यावर जतनबाई.

“दोन पुडे ना? एक तुमच्या देवाला, एक सिस्टरांच्या.”

“आमच्यात देव नसतो, जतनबाई. अकरा वर्षं सांगते.”

“अकरा वर्षं मेणबत्ती तर लागते! बरं, आज तुझी पिशवी इथंच ठेवून जा. म्हणजे तू परत येणारच.”

“आणि पुडे काय पदरात नेऊ?”

दोघी हसल्या. यशोधरेनं पुडे पिशवीत टाकले. एक सिस्टरांच्या दारात दिला, दुसरा घेऊन साडेपाचच्या एसटीत बसली.