मागच्या दारावरचा वारा

वहिनीला कशाचीच किळस येत नाही, अशी लॉन्ड्रीत तिची ख्याती होती. रुग्णालयातून येणाऱ्या चादरींची गाठोडी सोडायचं काम तिचं. गाठ सुटली की जे बाहेर यायचं ते बघून कामावर नवीन आलेली बाई नाक दाबून अंगणात पळायची. वहिनी रक्ताचं एकीकडे, ओकारीचं दुसरीकडे, नुसत्या घामाचं तिसरीकडे असे ढीग लावत बसायची आणि हात न थांबवता विचारायची, "काय गं, आज डब्यात काय आणलंयस?"

एकच गोष्ट होती जी ऐकली की तिला किळस यायची. ती सांगायचा तिचा सख्खा दीर.

दीर लॉन्ड्रीचा मुकादम. आवाज मोठा, छाती पुढे, माणसं जमली की बोलायची खाज. वादळाला अकरा वर्षं होऊन गेली होती, पण कुणाचं लग्न असो की कुणाच्या निवृत्तीचा चहा, कोणीतरी म्हणायचंच, "मुकादम, ते वादळाचं सांगा ना." मग तो जवळच्या भिंतीला पाठ लावून, पाय रोवून, हात पसरून उभा राहायचा.

"असा! असा उभा होतो मी. मागच्या दाराला पाठ लावून. बाहेर वारा धडका देतोय. माणसासारख्या, बरं का! धाड, धाड, धाड! मी म्हटलं, हाण लेका, किती हाणतोस ते बघतो. दार उघडलं असतं तर छप्पर गेलं असतं, आणि छपराखाली आम्ही चौघं. नाही उघडू दिलं."

ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. कोणीतरी त्याला पाणी द्यायचं. वहिनी उठून भांडी विसळायला जायची.

कारण ते वाऱ्याचं धडकणं नव्हतं. तो तिचा नवरा होता.

लॉन्ड्रीचा एक नियम होता, आजही आहे. मळकं मागच्या दाराने आत, धुतलेलं पुढच्या दाराने बाहेर. कोणी चुकून मळकं गाठोडं पुढून आणलं तर मुकादम आख्खी लॉन्ड्री डोक्यावर घ्यायचा. इतक्या वर्षांत तो नियम सगळ्यांच्या पायांतच भिनला होता.

वादळाच्या दिवशी दुपारी आभाळ पिवळट झालं आणि वाऱ्याचा आवाज बदलला, तेव्हा शेजारच्या अंगणात दोऱ्यांवर रुग्णालयाच्या चादरी वाळत होत्या. मुकादम म्हणाला, "दादा, जा, चादरी काढून आण. गेल्या तर काम जाईल हातातलं." दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, गेला, पुढच्या दाराने, नियमाप्रमाणे, कारण धुतलेलं आणायला निघाला होता. तो अंगणात पोचेपर्यंत वाऱ्याने दोऱ्या तोडल्या आणि चादरी चिखलात लोळल्या. त्याने चिखलाने लडबडलेल्या चादरी खांद्यावर मारल्या आणि वळला. पुढचं दार आडोशाला होतं, वीस पावलांवर. पण खांद्यावर होतं ते मळकं. तो सवयीने मागच्या दाराकडे गेला, थेट वाऱ्याच्या तोंडी.

आत मुकादम, वहिनी आणि घड्या घालणाऱ्या दोघी जणी. मोरी तुंबून गटाराचं पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. मुकादमाच्या गोष्टीत चौघं पांढऱ्याशुभ्र चादरींवर बसलेले असतात. खरं तर चौघं न धुतलेल्या गाठोड्यांवर चढून बसले होते, कारण तेवढंच उंच होतं.

दारावर मुठी पडल्या. मग हाक आली, "धाकट्या, उघड! अरे मी आहे, धाकट्या!"

मुकादम उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"भावजी, ते आहेत बाहेर," वहिनी म्हणाली.

"छप्पर जाईल."

"अहो, हाक मारतायत तुम्हाला!"

"वारा आहे तो," मुकादम म्हणाला. तिने कडीला हात घातला तेव्हा त्याने तिला कोपराने ढकललं. ती गटाराच्या पाण्यात बसली. घडीवाल्या दोघी एकमेकींना मिठी मारून होत्या. दारावर धाड, धाड, हाक, पुन्हा धाड.

पुढचं दार आहे हे वहिनीच्या लक्षात यायलाही वेळ लागला. आल्यावर ती धावली, भिंतीला धरून इमारतीला वळसा घालून मागे गेली. तोवर कुठल्यातरी शेडचा पत्रा येऊन नवऱ्याच्या उजव्या हातावर बसला होता. तिने त्याला ओढत पुढच्या दाराने आत आणलं, घडी घालून ठेवलेल्या कपड्यांवरून, चिखलासकट, रक्तासकट. मुकादम तेव्हाही मागच्या दाराला पाठ लावून उभा होता आणि पहिलं वाक्य त्याने म्हटलं ते असं: "अगं, ते रुग्णालयाचं धुतलेलं आहे!"

हात राहिला, पण लोंबता. दादा पूर्वी वाफेची इस्त्री चालवायचा, चादर एका दमात सपाट करायचा. आता तो पुढच्या काउंटरवर बसतो आणि डाव्या हाताने गिऱ्हाइकांना गठ्ठे देतो. मुकादमाच्या गोष्टीत त्याच्या वाट्याला एक वाक्य येतं: "आमच्या दादाला बिचाऱ्याला रस्त्यात गाठलं वाऱ्याने."

यंदा वाचनालयाने वादळाच्या आठवणींचा कार्यक्रम ठरवला. वाचनालयातल्या बाई लॉन्ड्रीत येऊन सांगून गेल्या की सगळ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणार, पुढच्या पिढ्यांनी ऐकाव्यात म्हणून. मुकादमाने त्याच दिवशी केस काळे केले.

"मी नाही येणार," वहिनी घरी म्हणाली. "मला मळमळतं. त्या गाठोड्यांनी नाही मळमळत इतकं."

नवरा डाव्या हाताने शर्टाची बटणं काढत होता. बराच वेळ लागायचा त्याला. तो म्हणाला, "त्याने उघडलं नाही, ते मी केव्हाच सोडून दिलं. कदाचित गेलंही असतं छप्पर. मेले असते सगळे. घाबरला, माणूस आहे."

"मग?"

"पण मला वारा म्हणतो गं तो. माझ्या हाकेला. लोकांसमोर हाण लेका म्हणतो." तो खाटेवर बसला. "आता ते कायमचं भरून ठेवणार. मी मेल्यावरही लोक ऐकतील की मागच्या दारावर वारा होता. तेवढं नको."

एवढं बोलून तो झोपला. वहिनीने दुसऱ्या दिवशी बाईंना निरोप धाडला, आम्ही दोघं येतो.

सभागृह भरलं होतं. मुकादमाने माइक हातात घेतला, मागच्या भिंतीला पाठ लावली, हात पसरले. वाक्यं तीच, थांबे तेच. "धाड, धाड, धाड! मी म्हटलं, हाण लेका..."

"भावजी," वहिनी बसल्या जागेवरून म्हणाली, "वाऱ्याने तुम्हाला धाकट्या म्हणून हाक मारली होती का?"

मुकादम हसला. "वहिनी, थांबा, तुमचा नंबर येईल."

"माझा आलाय. तुमचे भाऊ होते दाराबाहेर. मुठी त्यांच्या होत्या. तुम्ही ओळखलंत, मीही ओळखलं. नाही उघडलंत, ठीक. पण त्यांना वारा म्हणू नका."

कोणीतरी खुर्ची सरकवली. घडीवाल्यांपैकी थोरली मान खाली घालून बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "हाक मीपण ऐकली होती."

"अकरा वर्षांनी आठवलं होय गं तुला?" मुकादम म्हणाला.

"आठवत रोजच होतं. पण तुम्ही मुकादम, बोलणार कोण?"

माइक अजून मुकादमाच्याच हातात होता. त्याने आवाज मऊ केला. वहिनीला तो आवाज माहीत होता, रुग्णालयाच्या माणसाला हरवलेल्या उशीच्या खोळांचा हिशेब देताना तो तसाच बोलायचा. "मंडळी, आमच्या वहिनी अजून त्या धक्क्यातून सावरल्या नाहीत. आम्ही घरचे समजून घेतो. वादळात माणसाला काय काय ऐकू येतं." पुढच्या रांगेतली एक बाई चुकचुकली. दोघांतिघांनी माना डोलावल्या.

तेव्हा दादा उठला. पुढे गेला नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "ऐकू मला येत होतं," तो म्हणाला. "आतून. 'वारा आहे तो' म्हणालास ना, ते मला दारातून ऐकू आलं, धाकट्या."

मुकादमाच्या हातातला माइक खाली आला. तो भिंतीला तसाच टेकून उभा राहिला. फक्त हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

वाचनालयातल्या बाईंनी घाईघाईने माइक घेतला. हेही ध्वनिमुद्रणात राहील, त्या म्हणाल्या, सगळंच राहील. नंतर, कार्यक्रम पुढे न्यायचा म्हणून किंवा दुसरं काही सुचेना म्हणून, त्या म्हणाल्या, "तिघांच्याही धैर्यासाठी एकदा जोरदार टाळ्या." आणि लोकांनी वाजवल्या. मुकादमानेही वाजवल्या.

रस्त्यावर आल्यावर दादा कोपऱ्यापर्यंत चालत गेला. मग म्हणाला, "ऐकलं ना सगळ्यांनी?"

"ऐकलं."

"भरलं गेलं?"

"बाई म्हणाल्या ना, राहील म्हणून."

"मग टाळ्या कसल्या वाजवल्या?"

वहिनीच्या तोंडात कडवट पाणी जमलं होतं. ती रस्त्याच्या कडेला गेली, थुंकली, तोंड पुसलं, आणि त्याच्या चांगल्या हाताच्या बाजूने चालू लागली.