घाटाखालचा महाराष्ट्र

शाळेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे! टाकवत नाहीत, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात. आमच्या घरी कोणी आलं, चहा झाला, की आमचे हे हमखास सांगतात, "हिला तेवढं शाळेबद्दल विचारू नका, शेवटची एसटी चुकेल." विचारतात मात्र सगळे!

तर शाळा आमची संगमेश्वरपासून आत, जिल्हा परिषदेची, कौलारू. ऐंशी सालानंतरची गोष्ट. पहिली ते चौथी वर्ग आणि शिक्षक आम्ही तिघं. लिमये गुरुजी मुख्याध्यापक, दुसरी मी, आणि तिसरे वानखेडे सर. हे थेट यवतमाळकडून नेमणूक होऊन आमच्या डोंगरात येऊन पडलेले. चौथीला तेव्हा भूगोलात आपलं राज्य असायचं. तो विषय गुरुजींचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. सह्याद्री, दख्खनचं पठार, गोदावरीचं खोरं असं काही रंगवून सांगायचे की पोरं आ वासून ऐकत.

आणि गंमत बघा, गुरुजी स्वतः जन्मात घाट चढून वर गेले नव्हते! गाडी लागायची त्यांना. साखरप्याच्या पुढे एसटीनं पहिलं वळण घेतलं की चेहरा पांढराफटक. आलेपाक झाला, आवळासुपारी झाली, लिंबू हुंगून झालं, पोटाशी वर्तमानपत्र बांधून झालं. सख्ख्या भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला निघाले, ते आंबा घाटाच्या अर्ध्यात उतरून चालत खाली आले. आहेराचं पातळ काखेत तसंच!

निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा एकदा मला म्हणाले, "बाई, जन्मभर जे शिकवलं ते एकदा डोळ्यांनी बघायचं राहिलं हो. न चाखता वाढत आलो मी." हसत म्हणाले, पण मला मेलं फार वाईट वाटलं.

*

आमच्याकडे महाराष्ट्राचा नकाशा एकच. कापडावर चिकटवलेला, वर-खाली दांड्या असलेला. पावसाळाभर गुंडाळून कपाटामागे ठेवलेला, तो दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी बाहेर काढला. उलगडतो तर काय, उजवी बाजू वाळवीनं फस्त! नागपूर, वर्धा, यवतमाळ, सगळं गायब. औरंगाबादच्या जरा पुढे महाराष्ट्र संपलेला.

नेमके त्याच आठवड्यात वानखेडे सर हजर झालेले. बापडा घरापासून इतक्या लांब आलेला, नकाशा दिसताच मायेनं जवळ गेला. बोट फिरवत फिरवत फाटक्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

"गुरुजी, माहं गाव कुठी गेलं जी?"

गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "काय सांगू सर, तुमचं गाव वाळवीनं खाल्लं हो. पण काळजी करू नका, रत्नागिरी शाबूत आहे!"

तालुक्याच्या हापिसात नवा नकाशा मागितला. ते म्हणाले, जुना जमा करा, मग नवा. आम्ही जुना पाठवला. तो जसाच्या तसा परत! साहित्य अपूर्ण आहे, उरलेला भाग जोडून पाठवावे, असा वर निरोप.

वानखेडे सर म्हणाले, "उरलेला भाग म्हणजे मीच हावो जी. मलेच गुंडाळून पाठवा!"

*

"नकाशा नाही तर नाही," गुरुजी म्हणाले, "आपण जमिनीवर करू."

शाळेपुढचं खळं, म्हणजे आमच्याकडचं अंगण हो, पोरींनी शेणानं सारवून दिलं. चुन्याच्या रेघा मारल्या, चिऱ्याचे तुकडे गोळा केले सह्याद्रीसाठी. गुरुजींनी पोरांना एवढंच सांगितलं, "आधी आपला जिल्हा घाला, मग पुढे सरका."

झालं! पोरांनी आधी वाडी घातली. मग व्हाळ म्हणजे ओढा, त्यावरचा साकव, ग्रामदेवतेचं देऊळ, एकाच्या दारातला रायवळ आंबा. एकीची आत्या पूर्णगडला दिलेली, म्हणून पूर्णगडचा किल्ला आणि चार होड्या. एकाचा मामा पोफळीला, म्हणून काड्यापेट्यांचं वीजघर आणि मामाची खोलीसुद्धा! कोणाचं काही गाळायचं म्हटलं की तो रडकुंडीला. घालता घालता निम्मं खळं कोकणातच संपलं. सह्याद्री मधोमध आला, पुणं दगडी जोत्याला चिकटलं, औरंगाबाद कुंपणाला टेकलं, आणि विदर्भाला जागाच उरली नाही. कुंपणापलीकडे होता भागीरथीकाकूंचा गोठा.

गुरुजींनी जरा डोकं खाजवलं आणि सरळ काकूंना हाक मारली. "काकू, तुमच्या गोठ्यात नागपूर घातलं तर चालेल का?"

काकू भाकरी थापत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "घाला की. पण म्हशीला बसायला जागा ठेवा हां!"

मग काय विचारता! चौथीचा वर्ग विदर्भ शिकायला गोठ्यात. वानखेडे सर हातात काठी घेऊन एकेक शहर दाखवतायत आणि म्हैस मागून त्यांची बाही चघळतेय. शेवटी कंटाळून ती खाली बसली. सरांनी शांतपणे काठी फिरवली. "पोट्टेहो, हे नागपूर. अन् नागपुरावर जे बसलं हाये, ते परीक्षेत लिवू नका!"

*

पिकं नुसती तक्त्यावर नकोत, खरी दाखवा, हा गुरुजींचा हट्ट. भात, नाचणी, सुपारी दारातच. ज्वारीचे दाणे वाण्यानं दिले. राहिला कापूस. सावरीचा कापूस आमच्या पोरांना ठाऊक, पण शेतात पिकणारा कोणी बघितलेला नाही. वानखेडे सरांनी घरी कळवलं आणि त्यांच्या आईनं देठासकट बोंडांचं पार्सल धाडलं. केवढं कौतुक त्याचं! पोरं गालाला लावून बघायची. गुरुजींनी ती बोंडं पुठ्ठ्यावर टाचून, वर ठळक अक्षरात 'विदर्भ' लिहून भिंतीला लावली.

दिवाळीची सुट्टी संपवून येतो, तर पुठ्ठा रिकामा! नुसती देठं.

उंदरांवर संशय घेऊन झाला, पोरांवर घेऊन झाला. शाळेची किल्ली सुट्टीत काकूंकडे असायची. गुरुजींनी चाचरत विचारलं, तर काकूंना लपवायचं काही कारणच वाटत नव्हतं.

"त्रिपुरी पौर्णिमेला वाती नकोत करायला? दुकानातला मेला भसाभस जळून जातो. पण गुरुजी, तुमचा विदर्भ काय हो संथ जळला! देवळात सगळ्या विचारत होत्या. आणखी मागवा ना थोडा."

आणि सरांच्या आईनं खरोखर आणखी पाठवला! वर निरोप, अर्धा देवाला, अर्धा शाळेला.

*

तपासणीला साहेब आले. गोठ्यातल्या नागपुरात शिरताना बूट तेवढे बाहेर काढले. मग चौथीच्या वर्गावर प्रश्न सुरू.

"नाशिकला काय पिकतं?"

"द्राक्षं!" सगळा वर्ग एका सुरात.

"जळगावला?"

"केळी!"

"नागपूरला?"

"संत्री!"

साहेब खूश. खुशीत माणूस जास्तीचा एक प्रश्न विचारतो, तसं त्यांनी विचारलं, "आणि मुंबईला?"

मागून एक खणखणीत आवाज आला. "मनीऑर्डर!"

आता आमच्याकडे घरटी एक बापूस नाहीतर काका मुंबईला. पोस्टमन दिसला की आया हातातलं काम टाकून ओटीवर येणार. पोर चुकलं कुठे? साहेब आधी खो खो हसले, मग गुरुजींकडे वळून म्हणाले, "काय हे गुरुजी, दुरुस्त करा उत्तर."

गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, चूक आहे म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? अर्धं गाव त्याच पिकावर जगतं."

*

हा पुढचा किस्सा त्याच थंडीतला. गुरुजींचं ते शेवटचं वर्ष. पाठ होता मातीचा. गुरुजी रंगात आले होते. देशावरची काळी जमीन कशी कसदार, ऊस कसा तरारतो, वगैरे. तेवढ्यात रंजना नावाच्या पोरीनं बोट वर केलं. ही म्हणजे आमच्या शाळेतली वकीलच!

"गुरुजी, ते लोक सगळं शेत भाजतात?"

गुरुजींना कळेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची माती तांबडी. ती काळी होते कधी, तर पेरणीआधी पालापाचोळा पसरून भाजावळ करतात तेव्हा. काळी म्हणजे भाजलेलीच, याशिवाय पोरीनं दुसरं बघितलेलंच नाही!

"नाही गो बाय. ती मुळातच काळी."

"न भाजता?"

"न भाजता."

रंजनाला काही पटेना. वानखेडे सर मदतीला धावले. "खरं हाये बाई, आमच्याकडं बी तशीच, काळीभोर."

रंजना म्हणाली, "सर, तुमचा गाव तर नकाशात पण नाही!"

सगळा वर्ग हसला. सर हसले, मी हसले. रंजना मात्र गुरुजींकडेच बघत होती. तिनं अगदी सरळपणे विचारलं, "गुरुजी, तुम्ही बघितलीत?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "नाही गो," म्हणाले. मधली सुट्टी झाली तरी खुर्चीत तसेच बसून. माझा जीव तुटला हो त्यांना बघून.

शाळा सुटल्यावर आम्हा दोघांना बोलावून म्हणाले, "चौथीची सहल काढायची. कोल्हापूर. आणि मी येणार."

मी म्हटलं, "गुरुजी, अहो घाट..."

"येणार म्हटलं ना! ओकीन नाहीतर मरीन. पण त्या पोरीला उत्तर द्यायचंय मला."

*

करारावर एसटी ठरवली. अख्खा गाव निरोपाला. पोरांना नव्हे, गुरुजींना! भागीरथीकाकूंनी लिंबं दिली, सुंठ दिली, वर नारळ बोलल्या ग्रामदेवतेला.

साखरपा गेलं. गुरुजी पहिल्या सीटवर, लिंबू नाकाशी, चेहऱ्यावर घामाचे थेंब. पहिल्या वळणालाच त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला. मी मनात म्हटलं, झालं, उतरतायत!

वानखेडे सर मागून ओरडले, "गुरुजी, बसू नका! उभे राहा अन् शिकवा!"

गुरुजींनी वळून बघितलं. मग उठले, दांडी घट्ट धरली, डोळे मिटले आणि सुरू केलं. "मुलांनो, आपण आता सह्याद्री चढतो आहोत..." काय सांगू तुम्हाला! वळणामागून वळणं, गाडी इकडे झुकतेय, तिकडे झुकतेय, आवाज कापतोय, पण वाक्य अर्धवट सोडतील तर शपथ! घाट, खिंडी, नद्यांचे उगम, जंगलं. गप्प झाले की आम्ही पोरांना खुणावायचो, पोरं प्रश्न टाकायची, गुरुजी पुन्हा सुरू. तीन पोरं ओकली. मी ओकले. गुरुजी नाही!

माथा आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी डोळे उघडून खिडकीतून बाहेर बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, ही तर तांबडीच आहे हो!"

रंजना टक लावून बाहेर बघत होती. वानखेडे सर म्हणाले, "थांबा जी, घाई कायले करता?"

मलकापूर गेलं. डोंगर मागे पडत गेले, उसाचे मळे लागले. गुरुजी काचेला कपाळ लावून बसलेले. कोल्हापूर जवळ आलं तेव्हा रस्त्याकडेला नुकतं नांगरलेलं एक शेत दिसलं, आणि गुरुजी एवढ्या मोठ्यानं ओरडले, "थांबवा!" की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. त्याला वाटलं, लागली यांना गाडी!

गुरुजी खाली उतरले, धोतर सावरत बांध ओलांडून तरातरा शेतात शिरले. त्यांच्या मागे सगळी पोरं, पोरांच्या मागे आम्ही. शेजारच्या उसातून शेताचा मालक धावत आला.

"ओ म्हातारबा! उसाला हात लावायचा न्हाई हां!"

"ऊस नको हो मला. माती बघतोय."

"मातीत काय बघायचं?"

"काळी आहे का ते."

गुरुजींनी वाकून एक ढेकूळ उचललं, फोडलं, तळहातावर चोळलं, वास घेतला. मग रंजनाला जवळ बोलावून तिच्या ओंजळीत ठेवलं.

"बघ गो बाय. कोणी भाजलेली नाही." मग हळूच म्हणाले, "खोटं नव्हतो सांगत मी."

रंजनानं ओंजळ नाकाशी नेली, माती खालीवर करून बघितली आणि मान हलवली. गुरुजी पंच्यानं डोळे पुसायला लागले. मी तर सरळ रडतच होते.

शेतकरी गुरुजींकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय, मुठीमुठीत माती घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांकडे बघतोय. शेवटी त्यानं उसाच्या दिशेनं तोंड करून बायकोला हाक मारली. "अगं ए, कोकनातनं मानसं आल्याती! आपली माती काळी हाय का बगाय!"

उसातून तिचा आवाज आला.

"मग? हाय का म्हंत्यात?"